भाकरीचा हिशेब कोणी ठेवायचा?

(नाशिक येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



सकाळपासून कापसाच्या आणि ज्वारीच्या भावाची चर्चा झाली. आता माझा विषय ऐकून काहीजण तंबाखू मळायला बाहेर जातील, याची मला कल्पना आहे. विषय पर्यटनाचा आहे. पर्यटन म्हणजे द्राक्षमळे आणि वाइनचे पेले, ते बागायतदारांचे काम, असे समजून उठू नका. कोरडवाहू घरातल्या बाईच्या पदरात पडू शकेल अशा पैशाबद्दल मी बोलणार आहे.

आधी हिशेब. 2024-25 च्या हंगामात मालदांडी ज्वारीची आधारभूत किंमत क्विंटलला 3421 रुपये होती. ती तुमच्या हातात पडली का, हे तुम्हीच सांगा. पडली असे धरले तर किलोला 34 रुपये. किलोभर पिठाच्या आठ-नऊ भाकरी होतात. हमरस्त्यावरच्या ढाब्यावर एका भाकरीचे 20-25 रुपये घेतात. म्हणजे 34 चे जवळजवळ 200 झाले. मधे काय घडले? दळण, सरपण आणि बाईचा हात. आपण उत्पादन खर्च काढायला शिकलो. बैलाची वैरणसुद्धा धरतो. हा हात कोणत्या रकान्यात लिहिला, ते मला अजून कोणी दाखवलेले नाही.

सिन्नर-इगतपुरीची हद्द ओलांडली की अकोले तालुका लागतो. तिथे पुरुषवाडी हे महादेव कोळी लोकांचे गाव आहे. वीसेक वर्षांपासून शहरातली माणसे तिथे पाहुणी म्हणून येतात. पाहुणा घरात जेवतो, आणि जेवणाची पाळी आज या घरी, उद्या त्या घरी अशी फिरते. नागलीची भाकरी, भात, रानभाजी, घरात शिजेल ते. मे-जूनमध्ये झाडे काजव्यांनी पेटतात तेव्हा जास्त लोक येतात. मला काजव्यांपेक्षा ती पाळी मोलाची वाटली. एकाच घराने कमावले तर शेजारी कुंपण मोडतो. पाळी असली की सगळे गाव राखणीला उभे राहते. पाळी न बघता नुसते पाहुणे वाढवले की काय होते, तेही त्याच डोंगरात दिसते. काजवे बघायला आलेल्यांच्या गाड्यांचे दिवे रात्रभर झाडांवर पडतात. काजवा जोडीदार शोधतो तो उजेडाच्या खुणेने. त्याचीच वाट आपण बंद करतो.

त्याच तालुक्यात कोंभाळणे आहे. राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड पाहिलेले नाही. त्यांनी गावठी वाणांचे बी गोळा केले, बायफ संस्थेच्या मदतीने बियाणे बँक उभी केली. 2018 साली बीबीसीच्या जगातल्या 100 महिलांच्या यादीत त्यांचे नाव आले, 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. आता शेतकरी, विद्यार्थी, शास्त्रज्ञ त्यांच्या दारात जातात. लोक देखावा बघायला जात नाहीत, शिकायला जातात, हे ध्यानात घ्या.

इथे मला माझेही सांगितले पाहिजे. शेतीची पदवी घेऊन मी नोकरीला लागलो तेव्हा एका आजीने मला वालाचे बी दाखवले होते, राखेत घोळून गाडग्यात ठेवलेले. मी म्हणालो, आजी, हे टाका, सुधारित वाण घ्या. ती काही बोलली नाही. दोन वर्षांनी गेलो तर गाडग्यात हळकुंडे होती. तो वाल मला पुन्हा कुठे दिसला नाही. त्या वेळी माझा पगार महिन्याच्या महिन्याला येत होता.

आता दुसरी बाजू. वारली चित्रे तुम्ही साड्यांवर, कपांवर, सरकारी भिंतींवर पाहिली असतील. मूळ रीत अशी की लग्नाच्या घरात पालघट देवीचा चौक सवाशिणी तांदळाच्या पिठाने लिहीत, आणि धवलेरी बाई गाण्यातून लग्न लावी. 1970 नंतर चित्र कागदावर आले, त्याला गिऱ्हाईक आले. जिव्या सोमा म्हसे हे मोठे कलावंत, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, ती योग्यच होती. पण भिंतीवर फुकट लिहायचे तोवर काम बायकांचे, आणि कागदाला किंमत आली तेव्हा कुंचला बहुतेक पुरुषांच्या हाती, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

असे व्हायलाच पाहिजे असे नाही. अमेरिका खंडात ग्वाटेमाला देश आहे. तिथले माया लोक मक्यावर जगतात, जसे आपण ज्वारीवर. अतितलान सरोवराकाठी सान हुआन ला लागूना हे गाव आहे. तिथे बायकांच्या सहकारी संस्था पाहुण्यांना समोर बसवून सूत कातून दाखवतात, झाडपाल्याचा रंग देतात, कमरेला बांधायच्या मागावर विणतात. जन्मतःच तपकिरी असलेला कापूसही तिथे आहे. कापूसवाल्यांनो, आपण बोंड वेचून काट्यावर टाकले की कापसाशी नाते तुटते. त्या बायांनी बोंडापासून कापडापर्यंतची कहाणी स्वतःपाशी ठेवली, आणि त्या कहाणीचेही दाम घेतात. त्यांच्या नक्षीची नक्कल करून व्यापारी माल विकू लागले तेव्हा 2016 साली त्या देशातल्या माया विणकर बाया थेट घटना न्यायालयात गेल्या. नक्षी आमच्या समाजाची आहे, असे त्यांचे म्हणणे.

मग आपण काय करायचे? नागलीचा डोंगर आपला नाही, काजवे नाहीत. पण हुरडा आहे. गूळभेंडीचे कणीस आगटीतून काढून हातावर चोळले की शहरातला माणूस लहान मूल होतो. गेल्या थंडीत एका मळ्यावर मी हे पाहिले. माणशी चांगले पैसे घेतले होते. घरधनी पाहुण्यांबरोबर फोटो काढत होते. त्यांच्या सौभाग्यवती पहाटेपासून चुलीपुढे होत्या. जात्यावरची ओवी म्हणा हो, असा पाहुण्यांनी आग्रह केला तेव्हा हात पुसत उठून त्यांनी तीही म्हटली. संध्याकाळी मी विचारले, वहिनी, आज किती जमा झाले? त्या म्हणाल्या, ते ह्यांना ठाऊक.

2023 साली राज्याने महिलांसाठी 'आई' नावाचे पर्यटन धोरण आणले. बाईच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचे व्याज, 12 टक्क्यांच्या मर्यादेत, सरकार भरते; सात वर्षे किंवा साडेचार लाख, जे आधी होईल तोवर. मालकी बाईची पाहिजे. आता आपापला सातबारा डोळ्यांपुढे आणा. 1986 साली याच जिल्ह्यात, चांदवडला, शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. पुढे लक्ष्मीमुक्तीत कितीतरी नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. ज्यांनी तेव्हा केली नाही त्यांना आता तलाठ्याकडे जायला सरकारी योजनेचे निमित्त मिळाले आहे.

माझी मागणी छोटी आहे. हुरड्याच्या आधी मालेगाव, नांदगाव, येवला, चांदवड, सिन्नर, प्रत्येक तालुक्यातून चार बायकांनी पुरुषवाडी-कोंभाळण्याला जाऊन यावे, दोन रात्री राहावे. काय दाखवायचे, काय दाखवायचे नाही, माणशी किती घ्यायचे आणि वही कोणाकडे, हे परतल्यावर त्यांनीच ठरवावे. देवघरातले आणि देवकार्यातले काही दाखवायचे नाही असे त्या म्हणाल्या, तर ते तिथेच मिटले. जीपचे भाडे वर्गणीतून देऊ. त्या दोन दिवसांत म्हशीची धार कोण काढणार, ते पुरुषांनी उठण्याआधी इथेच हात वर करून सांगावे.