आधी झरा मोजा, मग चिरा काढा

भूजल खात्यातले अधिकारी, चिरेखाणींचे मालक आणि सड्याखालच्या वाड्यांमधून आलेले सरपंच हो,

 इथे रत्नागिरीत खाणमालक आणि सरपंच आज एकाच पंगतीला बसणार आहेत. एरवी यांची गाठ पडते ती तहसीलदारांसमोर!

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तरी मे महिन्यात कित्येक वाड्या टँकरची वाट बघतात. मधले महिने निभावून नेतो तो सड्याचा जांभा. पावसाचं पाणी त्याच्या भोकाभोकांतून झिरपतं, खालच्या चिकणमातीवर अडतं आणि सड्याच्या कुशीत झरा होऊन बाहेर येतं. घराला चिरा देणारा थर तोच, वाडीला पाणी देणाराही तोच. खाण मातीपर्यंत उतरली की झऱ्याची टाकीच ट्रकात भरून गेली म्हणायचं. पावसाळ्यात खाणीत तळं साचतं, ते दाखवून ‘पाणी वाढलं’ म्हणणारेही आहेत. त्यांनी मेमध्ये खालच्या झऱ्यावर येऊन बघावं.

आजची रीत अशी: जमीनमालकाशी बोलणी, करार, मोजणी, परवाना, मशीन. पाण्याचा विषय निघतो पहिल्या तक्रारीनंतर. वरातीमागून घोडं! तोवर मालकाचा पैसा अडकलेला असतो, आणि विहिरीला आधी किती पाणी असायचं याची नोंद कुणाकडेच नसते. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, पुरावा एकाकडेही नाही.

माझं मागणं छोटं आहे. करारावर सही करण्याआधी एक उन्हाळा जाऊ द्या. सड्याखालच्या विहिरींत टेप सोडून पाण्याची खोली एका वहीत लिहा. झऱ्याखाली बादली धरा आणि ती भरायला किती सेकंद लागले ते मांडा. मोजताना मालकाचा माणूस आणि वाडीतला माणूस, दोघंही हजर हवेत. नाहीतर त्या वहीवर कोण विश्वास ठेवणार? खाण कुठवर खोल न्यायची, झऱ्याच्या बाजूचा किती जांभा राखायचा, हे त्या आकड्यांवरून भूवैज्ञानिक सांगतील. जागा बदलायची झाली तर तेव्हाच स्वस्तात बदलता येते.

2012 साली दीपककुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागू केली, ती लहान लहान खाणींचा परिणाम मिळून मोठा होतो म्हणून. तेव्हा एका सड्यावरच्या सगळ्या खाणींची वहीसुद्धा एकच असावी.

उद्या सकाळी सात वाजता सड्यावर निघायचं आहे. तिथे सावलीला झाड नाही, टोपी आणा. दुपारी जेवणात सोलकढी आहे, पुन्हा मागायला संकोच नको. आता अध्यक्षांनी सूत्रं हाती घ्यावीत, ही विनंती.