डायलमागचा बल्ब: एलईडी लावण्याआधी तीन प्रश्न

आज बोलूया जुन्या ऑडिओ सेटच्या डायलमागे असणाऱ्या छोट्या बल्बबद्दल. आजोबांच्या किंवा काकांच्या कपाटावर एखादा जुना रिसीव्हर धूळ खात पडलाय? मग हा भाग तुमच्यासाठीच आहे. रिसीव्हर म्हणजे रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच खोक्यात.

असा सेट कधीकधी फक्त डायल अंधारली म्हणून भंगारात जातो. माझ्या मामाचा सेट असाच निघाला होता. 1970च्या दशकातला जपानी रिसीव्हर, कुवेतहून आणलेला. दिवे लागत नाहीत म्हणजे मशीनच गेली, असं घरात ठरून गेलं होतं. मी स्पीकर जोडून बघितलं, तर आकाशवाणी खणखणीत लागली! गेले होते ते फक्त बल्ब.

आता तुम्ही म्हणाल, मग एलईडी लावून टाक की, त्यात काय? थांबा जरा. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. जुन्या कोडमधली एखादी ओळ निरुपयोगी दिसली, तरी आम्ही ती लगेच उडवत नाही. तिच्यावर कोण अवलंबून आहे, ते आधी बघतो. बल्बच्या बाबतीतही तेच करायचं. तीन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न: रंग कुठून येतो? मारँट्झच्या 2200 मालिकेतले रिसीव्हर निळ्या डायलसाठी प्रसिद्ध आहेत. पण त्यांचे बल्ब निळे नसतात. मागे साधे पिवळसर बल्ब असतात, काचेच्या फ्यूजच्या आकाराचे. निळा रंग डायलचा. तिथे थंड पांढरा एलईडी लावला, तर ती मऊ निळाई जाऊन डोळ्यांना टोचणारा उजेड येतो. म्हणून 2700 केल्विनच्या आसपासचा, म्हणजे वॉर्म व्हाइट, आधी लावून बघा. आणखी एक, बल्ब चहूकडे उजेड टाकतो, एलईडी मुख्यतः समोर. त्यामुळे डायलवर ठिपके दिसतात. बल्बपुढचा पातळ कागद उष्णतेने तपकिरी झाला असेल, तर तो बदला. त्या कागदाने उजेड पसरतो.

दुसरा प्रश्न: वीज कोणती? डायलच्या बल्बना बऱ्याचदा ट्रान्सफॉर्मरमधून थेट एसी मिळते. बल्बला एसी-डीसीचा फरक पडत नाही, एलईडीला पडतो. थेट एसीवर तो सेकंदाला 50 वेळा लुकलुकेल, आणि उलट्या दिशेने साधारण 5 व्होल्टच्या वर त्याचा भरवसा नाही. 8 व्होल्ट एसीचं टोक असतं 11.3 व्होल्ट! म्हणून आधी ब्रिज रेक्टिफायर, मग छोटा कपॅसिटर, मग रेझिस्टर. हिशोब सोपा आहे. 11.3 मधून डायोडचे 1.4 वजा, उरले 9.9. पांढऱ्या एलईडीचे साधारण 3 वजा, उरले 6.9. 10 मिलिअँपिअर हवे असतील, तर 690 ओहम. बाजारात 680 मिळतो, तो लावा. फक्त जुने बल्ब काढल्यावर व्होल्टेज पुन्हा मोजा. भार गेला की ते थोडं चढतं.

फायदा काय? 8 व्होल्ट, 250 मिलिअँपिअरचा एक बल्ब 2 वॉट खातो. असे पाच म्हणजे 10 वॉट, आणि त्यातली जवळजवळ सगळी उष्णताच. एलईडीने ती वाचते, कागद आणि प्लॅस्टिक टिकतं.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: हा बल्ब फक्त दिवाच आहे का? अमेरिकेतल्या जुन्या पाच व्हॉल्व्हच्या रेडिओंचं उदाहरण घ्या. त्यांत 35झेड5 नावाचा रेक्टिफायर व्हॉल्व्ह असायचा. डायलचा बल्ब त्याच्या हीटरच्या एका भागाला जोडलेला, म्हणजे थोडा करंट बल्बमधून जायचा. बल्ब गेला की सगळा भार हीटरच्या त्या भागावर येतो आणि व्हॉल्व्ह जळू शकतो. तिथे एलईडी लावणं म्हणजे बल्ब काढून टाकण्यासारखंच!

मामाच्या सेटमध्ये असाच एक बल्ब होता, 'स्टिरिओ' लिहिलेला. स्टेशन स्टिरिओ असेल तेव्हाच तो लागतो. मोजल्यावर कळलं की, तो विझलेला असतानाही त्यातून थोडा करंट वाहतो. कारण थंड तारेचा रोध खूप कमी असतो. बल्ब एकदम पेटवला तर ट्रान्झिस्टरवर ताण येतो, म्हणून तार कोमट ठेवलेली. तेवढ्या करंटवर एलईडी मात्र मंद पेटून राहिला असता. मग स्टिरिओ आहे की नाही, कळणार कसं? तिथे मी बल्बच ठेवला. डायलला एलईडी, स्टिरिओला बल्ब.

आता सुरक्षेचं. प्लग काढा, मोठे कपॅसिटर रिकामे झालेत का ते मीटरने मोजा, मगच हात घाला. व्हॉल्व्हच्या सेटला सवय नसेल तर हातच लावू नका, जाणकाराकडे न्या. सामान लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ मिळेल. आणि जुने बल्ब फेकू नका, कागदावर जागा लिहून डबीत ठेवा. उद्या कुणाला सेट मूळ रूपात हवा असेल, तर परत लावता आला पाहिजे.

तुमच्या घरी अंधारलेली डायल असेल, तर या रविवारी आधी स्पीकर जोडून बघा. आवाज आला तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!