स्वातंत्र्याचा हिशेब

मी गोदीत माल उचलतो. म्हणून तत्त्वज्ञानही मालाच्या बाजूनं वाचतो. जॉन लॉकनं लिहिलं, माणूस जन्मतः स्वतंत्र. आणि याच लॉकचे पैसे गुलाम विकणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत गुंतलेले! १७८९ साली फ्रान्सनं माणसाचे हक्क जाहीर केले. पण फ्रान्सच्याच सेंट डोमिंग वसाहतीत, ऊसमळ्यातला काळा गुलाम मालच राहिला. १७९१ ला तो उठला. पंडितांचा वाद त्यानंच निकालात काढला. १८०४ ला स्वतंत्र हैती उभं केलं. तर १८२५ ला फ्रान्सनं युद्धनौका धाडून त्याच्याकडंच १५ कोटी फ्रँक मागितले, मळेवाल्यांची नुकसानभरपाई म्हणून! चाबूक ज्यानं खाल्ला, त्यालाच बिल. तवा कुणी स्वातंत्र्य शिकवायला आला, की आधी त्याची खातेवही मागा.