जुने कागद जपा, शेजाऱ्यालाही सोबत आणा



१९६३ साली ब्रिस्टलची बस कंपनी काळ्या आणि आशियाई माणसांना कंडक्टर म्हणून घेत नव्हती. तिथल्या कॅरिबियन तरुणांनी बसवर बहिष्कार पुकारला. चार महिन्यांत कंपनी नमली आणि सप्टेंबरात रघबीर सिंग तिथले पहिले गौरेतर कंडक्टर झाले. लढा त्यांनी उभारला, दार आपल्यालाही उघडले.

२०१८ साली विंडरश प्रकरण गाजले. आयुष्यभर इथे राबलेल्या कॅरिबियन वृद्धांपैकी अनेकांच्या, केवळ कागद दाखवता आले नाहीत म्हणून, नोकऱ्या गेल्या, घरे गेली. काहींना देशाबाहेरही काढले.

त्यानंतर सरकारने आणलेल्या विंडरश योजनेत १ जानेवारी १९७३ पूर्वी भारतातून येऊन इथे स्थायिक झालेलेही बसतात, हे मला आज मुद्दाम सांगायचे आहे. कागदपत्रांच्या अर्जाला शुल्क नाही.

म्हणून माझी हात जोडून विनंती : जुने पासपोर्ट, पगाराच्या चिठ्ठ्या, शाळेचे दाखले टाकून देऊ नका. अर्ज भरायला आपले स्वयंसेवक मदत करतील. शेजारच्या कॅरिबियन आजी-आजोबांनाही सोबत आणा. त्यांचे ऋण आपल्यावर आहे. ते फेडण्याची ही संधी आहे.