हरवलेल्या पावलांचा शोध



ह्या व्यासपीठावरून आपण साहित्य, इतिहास, अर्थकारण अशा विषयांवरील व्याख्याने ऐकता. मी मात्र आज आपल्यापुढे एका लाकूड कोरणाऱ्या यंत्राची तक्रार घेऊन उभा आहे. विषय कारखान्यातला दिसतो खरा; पण तो आता कारखान्याच्या फाटकाबाहेर पडला आहे. संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणारे सीएनसी राउटर हौशी मंडळी आणि होतकरू सुतार घरच्या पडवीत स्वतः जुळवू लागले आहेत. सुट्या भागांतून यंत्र उभे राहते, चालू लागते, घरच्यांना कौतुक वाटते. आणि मग एके दिवशी देव्हाऱ्याची शेवटची महिरप दीड मिलिमीटर बाजूला कोरली जाते. यंत्र थांबत नाही, कुरकुरत नाही, चुकल्याची कबुली देत नाही. सहा तासांची मेहनत आणि सागवानाची फळी मात्र वाया गेलेली असते. ज्याने कर्ज काढून ह्या यंत्रावर पोट भरावयाचे ठरविले आहे, त्याच्या दृष्टीने ही गंमत नव्हे.

असे का होते हे समजण्यासाठी आधी यंत्राचा स्वभाव पाहू. त्याच्या प्रत्येक अक्षाला एक स्टेपर मोटर असते. साधी मोटर गरगर फिरते. ही पावले टाकीत फिरते. नेहमीच्या स्टेपर मोटरीच्या एका फेऱ्यात २०० पावले असतात, म्हणजे एक पाऊल १.८ अंशांचे. तिला जोडलेला बॉल स्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरक देत असेल, तर एका पावलाची सरक ०.०२५ मिलिमीटर होते. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ भाग पाडीत असेल, तर फेऱ्याला ३२०० सूक्ष्म पावले, आणि मिलिमीटरला ६४०. नियंत्रकाचे काम फक्त विजेचे ठोके पाठविण्याचे. 'एक मिलिमीटर पुढे जा' ह्याचा त्याच्या भाषेत अर्थ '६४० ठोके' एवढाच.

आणि मेख इथेच आहे. ठोका पाठविला म्हणजे पाऊल पडलेच, असे नियंत्रक धरून चालतो. मोटर खरोखर पोचली की नाही, हे तो विचारीत नाही. घाण्याचा बैल डोळ्यांना झापड बांधून फिरतो, तशातली ही गत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९५२ साली अंकांनी चालणाऱ्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले, तेव्हा त्या यंत्राला आपली जागा उलट कळविण्याची सोय होती. घरगुती यंत्रात खर्च वाचावा म्हणून ती सोय गाळलेली असते. हा सौदा वाईट नाही. ताकदीबाहेरचे काम न सांगितल्यास ही मोटर इमानाने चालते. प्रश्न येतो तो तिची ताकद कुठे संपते हे आपण न पाहिल्यामुळे.

परंतु कोरीवकाम सरकले की पावलेच हरवली, असा निकाल लगेच देऊ नये. तीन तोतये ह्याच वेषात येतात. पहिला म्हणजे स्क्रू व नट यांमधला ढिलेपणा. त्यात दिशा बदलताना ठरावीक अंतर खाल्ले जाते, पण चूक वाढत जात नाही. दुसरा म्हणजे मिलिमीटरला किती ठोके हा आकडाच चुकीचा भरलेला असणे. त्यात शंभर मिलिमीटरचा चौकोन लहानमोठा होतो, पण यंत्र शून्यावर परत बरोबर येते. तिसरा म्हणजे फळीच पकडीतून हलणे किंवा कटर आपल्या चिमट्यातून निसटणे.

ह्यांना वेगळे काढण्याची परीक्षा सोपी आहे. अक्षाच्या शून्यस्थानी डायल गेज लावून काटा शून्यावर आणावा. कटर काढून तीच सगळी आज्ञावली हवेत चालवावी, आणि यंत्र त्याच बाजूने शून्यावर आणून काटा वाचावा. काटा शून्यावरच असेल, तर दोष कापण्याच्या भारात किंवा पकडीत आहे. काटा सरकलेला असेल, तर किती सरकला हे लिहून ठेवावे. कारण तो आकडाच अपराध्याचा ठसा आहे.

तो कसा, ते सांगतो. मोटर भाराखाली घसरते तेव्हा ती एखादे सूक्ष्म पाऊल चुकत नाही. तिच्या वेटोळ्यांतील प्रवाहाचे चक्र चार पूर्ण पावलांनी पुरे होते. म्हणून ती घसरली की चार, आठ, बारा अशा पटीतच घसरते. आपल्या यंत्रात चार पावले म्हणजे ०.१ मिलिमीटर. चूक ०.१, ०.२, ०.३ अशा पायऱ्यांनी आली, तर मोटर खरोखर हरली आहे असे समजावे. चूक ०.०४ किंवा ०.१३ अशी वेडीवाकडी असेल, तर मोटरीला दोष न देता कपलिंगकडे आणि तारांकडे वळावे.

मोटर हरत असेल तर कारणे बहुधा चार. वेग वाढवावा तशी स्टेपर मोटरीची ओढ कमी होते. कारण वेटोळ्यांत प्रवाह चढावयास वेळ लागतो, आणि फिरती मोटर स्वतःच उलट दाब निर्माण करते. म्हणून प्रथम वेग आणि वेगवाढ निम्म्यावर आणून पाहावे. जीआरबीएल ही आज्ञाप्रणाली असल्यास ११० ते ११२ ह्या क्रमांकांत कमाल वेग आणि १२० ते १२२ ह्यांत वेगवाढ सापडेल. दुसरे, मोटर तापते म्हणून घाबरून पुष्कळ जण ड्रायव्हरवर प्रवाह फार कमी ठेवतात. मोटरीवर लिहिलेला आकडा पाहून तो लावावा. तिसरे, विजेचा दाब अपुरा असेल तर ड्रायव्हरच्या मर्यादेत राहून तो वाढवावा. चौथे, अक्ष हाताने सरकवून पाहावा. रुळावर भुसा साचला असेल किंवा स्क्रू वाकडा बसला असेल, तर हात ते लगेच सांगतो. मात्र वीज चालू असताना मोटरीची तार कधीही उपसू नये; ड्रायव्हर जळतो.

चूक पायऱ्यांनी येत नसेल, तर मोटरीचा दांडा आणि कपलिंग यांवर पेन्सिलीने एक सरळ रेघ ओढावी. यंत्र चालवून झाल्यावर रेघ तुटलेली दिसली, की कपलिंगचा बारीक स्क्रू ढिला आहे. साध्या पेन्सिलीने महागडा ड्रायव्हर वाचतो तो असा. रेघ शाबूत असेल, तर तारा पाहाव्यात. स्पिंडलच्या तारा आणि ठोक्यांच्या तारा एकाच जुडीत बांधल्या, तर ठोके गळतात किंवा नसलेले ठोके उमटतात. त्या वेगळ्या कराव्यात, आच्छादित तार वापरून तिचे आच्छादन एका टोकाला अर्थ करावे. शेवटी दिशेची खूण. ती ठोक्याच्या पुरेशी आधी पोचली नाही, तर वळणावर एखादे सूक्ष्म पाऊल चुकते. हे नुकसान क्षुल्लक वाटते. पण फेरीला एक ह्या हिशेबाने हजार फेऱ्यांत ते दीड मिलिमीटरहून अधिक होते. आमच्या देव्हाऱ्याची महिरप बिघडावयास तेवढे पुरे आहे.

सर्वांत महत्त्वाचे पथ्य असे, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि लगेच पुन्हा मोजावे. रात्रभर जागून वेग, प्रवाह, तारा सगळेच बदलले आणि सकाळी यंत्र नीट चालले, तरी काय बिघडले होते हे कळत नाही. तेच दुखणे पुढच्या महिन्यात पुन्हा दारात उभे राहते. उलट कळविणाऱ्या मोटरी आता बाजारात मिळतात, आणि परवडत असतील तर त्या जरूर घ्याव्यात. परंतु त्यांनी चूक कळते; वाकडा स्क्रू सरळ होत नाही.

आपल्या मुलांपैकी कोणी असे यंत्र जुळवीत असेल, तर त्याला महागडा सुटा भाग घेऊन देण्याआधी एक डायल गेज, एक पेन्सिल आणि एक वही घेऊन द्यावी, एवढीच माझी विनंती आहे.