एका चाकाची फटफटी

दोन चाकांची फटफटी वेगाच्या आधारानें उभी राहते, हें सर्वांच्या परिचयाचें आहे. तिचें एक चाक काढून टाकलें तर ती चालेल काय? प्रश्न थट्टेचा वाटतो. परंतु इंग्लंडांतील एका एंजिनियरानें तो अगदीं गंभीरपणें घेतला होता. सॉमरसेट परगण्यांतील टॉन्टन येथील डॉ. जे. ए. पर्व्हिस यांनीं १९३२ सालीं ब्रीन येथील समुद्रकांठच्या वाळूवर ‘डायनास्फीअर’ नांवाचें आपलें प्रचंड चाक चालवून दाखविलें. उंची १० फूट, वजन सुमारें १,००० पौंड, आणि एवढा डोलारा हालविण्यास एंजिन अवघें २.५ अश्वशक्तीचें! तरीहि तें ताशीं २५ ते ३० मैल धांवलें. चालतें कीं नाहीं, या शंकेचा निकाल त्या वाळूवरच लागला. खरी अडचण निराळीच होती.

अशा यंत्राचा चालक चाकावर बसत नाहीं. चाकाच्या पोटांत बसतो. त्याची बैठक आणि एंजिन एका चौकटींत असतात, आणि ती चौकट लहान चाकांवरून मोठ्या चाकाच्या आंतल्या कडेवर फिरते. पिंजऱ्यांतील चक्रांत धांवणारी खार ज्यानें पाहिली आहे त्याला हें चटकन् उमजेल. खार वर चढूं पाहते, तिच्या भारानें चक्र खालीं येतें, आणि खार आहे तेथेंच राहते. त्याचप्रमाणें एंजिन चौकटीला पुढल्या कडेनें वर चढवूं पाहतें; चौकटीचें वजन तिला खालीं ओढतें, आणि त्या ओढीनें चाक पुढें गडगडूं लागतें. म्हणून एंजिनाचा जोर कितीहि असो, वजन पेलील तेवढाच तो कामीं येतो.

ब्रेक लावतांना हेंच सर्व उलटें घडतें. ब्रेक चौकटीला चाकाशीं जखडूं पाहतो. चौकट मागल्या कडेनें वर चढते, चालक पुढें झुकतो. ब्रेक बेतानें लावला तर वजन तिला आवरून धरतें. पण मर्यादा ओलांडली कीं चौकट चाकाबरोबरच गरगर फिरते, आणि आंतला मनुष्य एकदां डोक्यावर, एकदां पायांवर!

ही मर्यादा किती, याचा साधा हिशेब करतां येतो. चालकासह चौकट १५० किलो, बाहेरचें चाक ५० किलो, चाकाची त्रिज्या ७५ सेंटिमीटर, आणि चौकटीचा गुरुत्वमध्य आंसाच्या २५ सेंटिमीटर खालीं, असें समजा. मग ब्रेकचा परिणाम फार तर गुरुत्वाकर्षणाच्या एकचतुर्थांशाइतका होऊं शकतो. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारें हें वाहन थांबण्यास निदान ५५ मीटर तरी लागतील; चांगली दोन चाकांची फटफटी याच्या तृतीयांशांत थांबते. गुरुत्वमध्य आणखी खालीं नेला तर मर्यादा वाढते खरी, पण बैठक जमिनीला घांसेल, त्यापलीकडे नेणार कोठें?

वळविण्याची रीतहि विलक्षण आहे. पुढचें चाकच नसल्यामुळें तें वळविण्याचा प्रश्नच उरत नाहीं. अंग बाजूला कलवावें लागतें. श्रोत्यांनीं फरशीवर रुपया गडगडत सोडून पाहावा. वेगांत असतांना तो कलला तरी पडत नाहीं, कलला त्या अंगाला वळतो. वेग मंदावला कीं डुगडुगतो, लहान लहान फेरे घेतो आणि आडवा होतो. रुपयांत कोणी बसलेलें नसतें, हें बरें! शिवाय चालकाच्या डोळ्यांसमोर सदैव चाकाची कड असते, आणि रस्ता पाहावयाचा तो तिच्या आडूनच.

तरी हौशी लोकांनीं हा नाद सोडलेला नाहीं. २०१५ सालीं इंग्लंडांतच, यॉर्कशायरमधील एल्व्हिंग्टन येथें, असें एक चाक ताशीं ९८ किलोमीटरहून अधिक वेगानें धांवलें. जागा मात्र विचारपूर्वक निवडलेली होती: जुन्या विमानतळाची जवळजवळ ३ किलोमीटर लांबीची सरळ धांवपट्टी, आणि तिच्यावर आडवें येणारें कोणीहि नाहीं.