पुंगळीची धुलाई

बंदुकीची गोळी सुटते, पण पितळेची पुंगळी मागे राहते. काडतुसातला सगळ्यात टिकाऊ भाग हाच. अमेरिकेत नेमबाजीचे शौकीन या पुंगळ्या वेचून घरी नेतात, साफ करतात आणि पुन्हा भरतात. एकच पुंगळी अशी अनेकदा कामाला येते.

हे पितळ म्हणजे साधारण 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त. बार उडताच पुंगळी फुगून नळीच्या भिंतीला घट्ट बसते, वायू मागे येऊ देत नाही, आणि लगेच आकसते. तिच्यावर वाळूचा कण राहिला तर तो पुंगळीला आकार देणाऱ्या साच्यावर ओरखडा काढतो. म्हणून स्वच्छता हवी. लखलखाट ही निव्वळ हौस.

साफ करण्याच्या पद्धती दोन. कोरडी पद्धत म्हणजे थरथरणाऱ्या भांड्यात अक्रोडाच्या कवचांचा नाहीतर मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचा भरडा. ओल्या पद्धतीत फिरत्या पिंपात पाणी, पोलादी टाचण्या, भांड्यांचा साबण आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल. आपल्या घरी चिंच जे करते तेच हे आम्ल करते: काळपट थर सोडवते. हात सढळ झाला, तर मात्र पितळ गुलाबी पडते.

अमोनिया असलेले पॉलिश जाणकार टाळतात, आणि त्यामागचा धडा आपल्या पावसाळ्याने दिला आहे. ब्रिटिश फौजेची काडतुसे हिंदुस्थानात पावसाळाभर तबेल्यांजवळ ठेवलेली असत. पुढे पाहावे तर पुंगळ्या तडकलेल्या! दोष हवामानावर गेला. 1921 साली उलगडा झाला: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा, आणि पुंगळी ओढून घडवताना पितळेत राहिलेला ताण. बेताने तापवून तो ताण काढला की तडे थांबतात.

खरा धोका डोळ्यांना दिसत नाही. बार पेटवणाऱ्या टोपीत बहुधा शिशाचे संयुग असते आणि कोरड्या भरड्याच्या धुळीत ते उतरते. ती धूळ घरात उडू द्यायची नसते, मुलांना जवळ येऊ द्यायचे नसते आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे असतात.

महाराष्ट्रात काडतुसे बनतात ती खडकी आणि वरणगावच्या सरकारी कारखान्यांत. घरी पुंगळ्या भरण्याचा हा छंद मात्र इथे चालत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे.